बीजातील अक्षर आणि रक्तातील प्रथिन : वऱ्हाडातील सिकलसेलच्या निमित्ताने

‘जनुक’ हा शब्द आज कृषी केंद्राच्या फलकावर दिसतो, रक्त तपासणीच्या अहवालात दिसतो आणि वृत्तपत्रांतून तर नित्य वाचावयास मिळतो. तथापि जनुक शरीरात नेमके करते काय, असा प्रश्न कोणी केला तर आपल्यापैकी बहुतेकांचे उत्तर ‘आईवडिलांचे गुण मुलांत उतरवते’ एवढ्यावरच थांबते. हे उत्तर चूक नाही, परंतु चिकित्सकाच्या उपयोगाचेही नाही. आपल्या व्यवसायाशी ज्यांचा संबंध येतो त्या जनुकांचे प्रत्यक्ष काम एका वाक्यात सांगता येते : कोणत्या प्रथिनात कोणती अमिनो आम्ले कोणत्या क्रमाने गुंफावयाची, याचा लेख जनुकात असतो. प्रस्तुत लेखात हे वाक्य उलगडण्याचा प्रयत्न केला आहे. बाळापूर, पातूर, अकोट, तेल्हारा या भागात दवाखाना चालविणाऱ्या वैद्याकडे पांडूचा रुग्ण येतो, तेव्हा त्यास लोहकल्प द्यावा की आधी तपासणीस पाठवावे, हा निर्णय या एका वाक्याच्या आकलनावर अवलंबून असतो, म्हणून हा खटाटोप.

प्रथिन म्हणजे काय, येथून आरंभ करू. वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची एकापुढे एक जोडलेली साखळी म्हणजे प्रथिन. आपल्या वर्णमालेतील अक्षरे तीच असतात, पण ‘रस’ आणि ‘सर’, ‘नव’ आणि ‘वन’ यांचे अर्थ भिन्न होतात, कारण क्रम बदलतो. प्रथिनांचेही असेच आहे. साखळी तयार होता होताच ती स्वतःभोवती दुमडत जाते. पाण्याशी सख्य असणारी अमिनो आम्ले बाहेरच्या बाजूस येतात, तेलकट स्वभावाची आत दडतात, विरुद्ध विद्युत्भार असणारी एकमेकांस ओढतात. या ओढाताणीतून प्रथिनास ठराविक आकार प्राप्त होतो आणि त्या आकारावरच त्याचे कार्य ठरते. क्रमावरून आकार, आकारावरून कार्य, अशी ही परंपरा आहे.

आकाराचे महत्त्व औषधी विक्रेत्यांस वेगळे सांगावयास नको. इन्सुलिन हे प्रथिनच आहे. एकवीस व तीस अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या जोडून ते बनते. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना वीज जाते, शीतकपाट बंद पडते आणि कुपी बराच काळ तापत राहते. अशा इन्सुलिनमधील अमिनो आम्लांचा क्रम तोच राहतो, पण दुमडीचा आकार बिघडू लागतो आणि गुण उणावतो. बर्फाच्या कप्प्यात गोठलेल्या कुपीचेही तेच होते. लेख शाबूत असूनही वस्तू निकामी होते, ती अशी.

आता हा लेख कोठे असतो ते पाहू. पेशीकेंद्रातील डीएनए या दीर्घ रेणूत ए, टी, जी व सी अशी चारच अक्षरे आहेत. मानवाच्या एका संचात अशी सुमारे ३०० कोटी अक्षरे असून त्यांत प्रथिनांचे लेख असणारी सुमारे २०,००० जनुके आहेत. प्रथिनांचा प्रत्यक्ष मजकूर या प्रचंड पोथीच्या शेकडा दोन भागांहूनही कमी जागेत मावतो. उरलेल्या भागात काही मजकूर कोणते जनुक केव्हा, कोठे व किती वाचावे याच्या सूचनांचा आहे, तर बराचसा असा की ज्याचा उपयोग अद्याप पूर्णपणे उलगडलेला नाही.

पेशी ही अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचते. चार अक्षरांचे तीन-तीनचे गट ६४ होतात. त्यांपैकी ६१ गट कोणत्या ना कोणत्या अमिनो आम्लाचे निदर्शक आहेत आणि तीन गट ‘येथे साखळी संपली’ असे सांगणारे पूर्णविराम आहेत. ही सांकेतिक भाषा उलगडण्याच्या कार्यात हरगोविंद खुराना यांचा मोठा वाटा होता. आज पाकिस्तानात असलेल्या मुलतान भागातील रायपूर या खेड्यात त्यांचा जन्म झाला. निरेनबर्ग व होली यांच्यासमवेत १९६८ चे नोबेल पारितोषिक त्यांना याच कार्यासाठी मिळाले.

डीएनए मात्र स्वतः प्रथिन बनवीत नाही. तहसील कचेरीतील मूळ दप्तर जसे बाहेर नेता येत नाही, त्याची नक्कल काढून घ्यावी लागते, तसेच येथेही घडते. हव्या त्या जनुकाची आरएनए नावाची नक्कल पेशीकेंद्रात काढली जाते, तिच्यातील अनावश्यक मजकूर कापून टाकला जातो, उरलेले तुकडे जोडले जातात आणि ही शुद्ध नक्कल पेशीकेंद्राबाहेर येते. तेथे रायबोसोम नावाची सूक्ष्म यंत्रे ती नक्कल तीन-तीन अक्षरांनी वाचत जातात व त्याबरहुकूम एकेक अमिनो आम्ल जोडत जातात. नक्कल काही काळ वापरली जाते आणि मोडून टाकली जाते. दप्तर जागच्या जागी सुरक्षित राहते.

येथे दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली, शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत संपूर्ण दप्तर असते, परंतु प्रत्येक पेशी त्यातील आपल्यापुरती पानेच उघडते. इन्सुलिनचे जनुक त्वचेच्या पेशीतही आहे, पण ते वाचले जाते स्वादुपिंडात. दुसरी, रक्तातील परिपक्व लाल पेशीत पेशीकेंद्रच नसते. अस्थिमज्जेत असतानाच ती हिमोग्लोबिनने भरून घेते, दप्तर टाकून देते आणि मग सुमारे १२० दिवस त्या शिदोरीवर काढते. रक्तात उतरलेली पेशी नवे हिमोग्लोबिन बनवू शकत नाही. त्यामुळे जनुकांच्या वाचनावर परिणाम करणारे औषध आज सुरू केले तरी त्याचा गुण दिसण्यास काही महिने जावे लागतात. ‘महिनाभर गोळ्या घेतल्या, फरक नाही’ असे म्हणणाऱ्या रुग्णास हे समजावून सांगणे आवश्यक असते. त्याविषयी पुढे येईलच.

पऱ्हाटीतील प्रथिन

जनुक आणि प्रथिन यांचे नाते डोळ्यांनी पाहावयाचे असेल तर बाळापूरच्या शिवाराबाहेर जाण्याचे कारण नाही. मार्च २००२ मध्ये केंद्र शासनाच्या समितीने बीटी कपाशीस मान्यता दिली आणि पुढील काही वर्षांत वऱ्हाडातील जवळजवळ सर्व पऱ्हाटी बीटी झाली. बीटी हे मातीत आढळणाऱ्या एका जिवाणूच्या नावाचे संक्षिप्त रूप. या जिवाणूच्या एका जनुकात ‘क्राय’ वर्गातील एका प्रथिनाचा लेख आहे. ते जनुक कपाशीत घातल्यावर कपाशीची पेशी तोच लेख वाचू लागली आणि तेच प्रथिन बनवू लागली. कोठे जिवाणू आणि कोठे कपाशी! पण तीन-तीन अक्षरांची भाषा सर्व सजीवांत बहुतांशी एकच असल्यामुळे हे शक्य झाले. मानवी इन्सुलिनचे जनुक जिवाणूत घालून बनविलेले इन्सुलिन १९८२ पासून विक्रीस आले, तेही याच तत्त्वावर.

अळीच्या आतड्यातील रस क्षारधर्मी असतो. त्यात क्राय प्रथिन सक्रिय होते, आतड्याच्या पेशींवरील विशिष्ट प्रथिनांना जाऊन चिकटते व तेथे छिद्रे पाडते. मनुष्याचे जठर आम्लधर्मी आहे आणि चिकटण्याजोगे ते प्रथिन आपल्या आतड्यात नाही. किल्ली आणि कुलूप या दोहोंचे आकार जुळावे लागतात. पुढे काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. गुलाबी बोंडअळीच्या काही वंशांत आतड्यातील त्या प्रथिनाचे जनुकच बदलले, कुलपाचा आकार बिघडला, किल्ली लागेनाशी झाली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातील बोंडे बीटी असूनही पोखरली गेली. बियाण्यात दोष नव्हता असे मी म्हणत नाही, तो वाद वेगळा आहे. पण अळीच्या बाजूनेही एका जनुकाचा आणि एका प्रथिनाचा इतिहास घडला, हे ध्यानात घ्यावयास हवे.

एका अक्षराचा व्याधी

आता मुख्य विषयाकडे वळतो. पुढील चित्र आपल्या परिचयाचे आहे. दहा-बारा वर्षांचे मूल, वर्ण फिका, डोळ्यांत किंचित पिवळेपणा, वाढ वयाच्या मानाने कमी, आणि दर दोन-तीन महिन्यांनी हातपाय व कंबर असह्य दुखतात. थंडीत अथवा पावसात भिजल्यावर दुखणे बळावते. पांडु, कामला, संधिशूल, प्लीहावृद्धी अशी सारी लक्षणे एकत्र दिसतात. कोणी आमवात म्हणून चिकित्सा करतो, कोणी पांडु म्हणून मंडूर व लोहभस्म देतो. काही दिवस बरे वाटते, कारण वेदनेचा हा वेग पुष्कळदा आपोआपच ओसरतो, आणि यशाचे श्रेय औषधास मिळते. पुढच्या थंडीत मूल पुन्हा दारात उभे असते.

या व्याधीचे पहिले वर्णन १९१० मध्ये शिकागोच्या हेरिक यांनी प्रसिद्ध केले. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या, म्हणून सिकलसेल हे नाव पडले. भारतात १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत हा विकार आढळल्याचे प्रसिद्ध झाले. १९५८ मध्ये शुक्ला व सोळंकी यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून मध्य भारतातील, म्हणजे आपल्या नागपूरकडील, सिकलसेलची नोंद केली. अर्थात विदर्भाचे नाव या विषयात साठ वर्षांहून अधिक काळ आहे. विदर्भात हा विकार आदिवासी समाजात तसेच इतर अनेक समाजांत आढळतो. म्हणून रुग्णाचे आडनाव पाहून तपासणी करावयाची की नाही हे ठरवू नये. मेळघाटातून पायथ्याच्या गावांत येऊन राहिलेली कुटुंबे, कापूस वेचणीस आलेले मजूर आणि महामार्गावरून येणारे-जाणारे लोक असे नाना ठिकाणचे रुग्ण आपल्या बाह्यरुग्ण कक्षात येत असतात.

दोष नेमका कोठे आहे? प्रौढाच्या हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार साखळ्या असतात : १४१ अमिनो आम्लांच्या दोन अल्फा व १४६ अमिनो आम्लांच्या दोन बीटा. बीटा साखळीच्या जनुकात सहाव्या स्थानी ‘जीएजी’ ही तीन अक्षरे असतात. त्यांचा अर्थ ग्लुटामिक आम्ल. सिकलसेलमध्ये मधले अक्षर बदलून ‘जीटीजी’ होते. त्याचा अर्थ व्हॅलिन. संपूर्ण बीटा जनुकात बदल एवढाच, एका अक्षराचा.

मग एवढ्याने एवढा अनर्थ का व्हावा? ग्लुटामिक आम्ल ऋण विद्युत्भाराचे, पाण्यात रमणारे; व्हॅलिन भाररहित व तेलकट. हे व्हॅलिन साखळीच्या बाह्य पृष्ठावर आलेले असते. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की त्याचा आकार किंचित बदलतो व शेजारच्या रेणूवर एक खाच उघडी पडते. या रेणूचे तेलकट व्हॅलिन त्या रेणूच्या खाचेत जाऊन बसते, त्याचे तिसऱ्याच्या खाचेत, आणि पाहता पाहता पेशीच्या आत ताठ सळया तयार होतात. लवचीक, गोल पेशी विळ्यासारखी वाकडी व कडक बनते. बारीक रक्तवाहिन्यांत ती अडकते, पुढील भागास रक्त मिळत नाही, म्हणून वेदना. वारंवार वाकून ती लवकर फुटते व १२० दिवसांऐवजी दहा ते वीस दिवसच टिकते, म्हणून पांडुता आणि डोळ्यांतील पिवळेपणा.

१९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की विद्युत्प्रवाहाच्या क्षेत्रात सिकलसेल रुग्णाचे हिमोग्लोबिन निरोगी हिमोग्लोबिनापेक्षा वेगळ्या गतीने सरकते. रेणूच्या दोषाने होणारा व्याधी हे वर्णन तेव्हापासून रूढ झाले. हा फरक एका अमिनो आम्लाचा आहे हे १९५६-५७ मध्ये केंब्रिज येथे व्हर्नन इन्ग्राम यांनी सिद्ध केले. आज प्रयोगशाळेतून येणारा इलेक्ट्रोफोरेसिसचा अहवाल म्हणजे हाच प्रयोग होय. ऋणभाराचे एक अमिनो आम्ल कमी झाल्याने ‘एस’ हिमोग्लोबिन मागे रेंगाळते व त्याचा पट्टा वेगळा उमटतो.

अहवालातील अक्षरांचा अर्थही आता सुलभ होतो. प्रत्येकास बीटा जनुकाच्या दोन प्रती असतात, एक मातेकडून व एक पित्याकडून, आणि दोन्ही वाचल्या जातात. दोन्ही प्रती शुद्ध असल्यास ‘एए’. एक शुद्ध व एक सदोष असल्यास ‘एएस’, म्हणजे वाहक. त्याच्या पेशींत दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन असते व शुद्ध हिमोग्लोबिनाचे प्रमाण अधिक असल्याने तो सामान्यतः निरोगी असतो. दोन्ही सदोष असल्यास ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. मातापिता दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी अपत्य रुग्ण होण्याची शक्यता शेकडा २५, वाहक होण्याची ५० व निर्दोष असण्याची २५ असते. ‘पहिले मूल रुग्ण झाले, आता पुढील तीन चांगली होतील’ असा हिशेब लोक मांडतात. तो सर्वस्वी चुकीचा आहे. प्रत्येक वेळी फासा नव्याने पडतो.

हा सदोष लेख एवढ्या लोकांत टिकून का राहिला, असे कोणी विचारील. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखविले की वाहकांस घातक हिवतापापासून पुष्कळ संरक्षण मिळते. हिवतापाच्या प्रदेशांत म्हणून हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या तगले. मेळघाटाचा हिवताप ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे चटकन पटेल.

क्रमाचा दोष आणि प्रमाणाचा दोष

सर्वच रक्तविकारांत साखळीचा क्रम चुकतो असे नाही. थॅलेसेमियात बीटा साखळी कमी बनते किंवा मुळीच बनत नाही. भारतातील बीटा थॅलेसेमियात सर्वाधिक आढळणारा बदल अशा जागी आहे की जेथील मजकूर प्रथिनात उतरतच नाही; नक्कल शुद्ध करताना जो भाग कापून टाकावयाचा, त्यातील ते अक्षर आहे. त्यामुळे कापण्याची जागा चुकते, बहुतेक नकला निरुपयोगी होतात आणि बीटा साखळीचा तुटवडा पडतो. एका पालकाकडून सिकलचे व दुसऱ्याकडून थॅलेसेमियाचे जनुक आल्यास होणारा विकार सिकलसेलइतकाच त्रासदायक असू शकतो. म्हणून एक पालक सिकल वाहक व दुसरा ‘सिकल नाही’ एवढ्यावर निर्धास्त न होता दुसऱ्याचीही हिमोग्लोबिनची संपूर्ण तपासणी करून घ्यावी.

थॅलेसेमियाचा वाहक आपल्याकडे बहुधा ‘रक्त कमी आहे’ एवढ्याच तक्रारीने येतो. त्याच्या पेशी आकाराने लहान असतात, तशाच त्या लोहाच्या अभावीही असतात. वर्षानुवर्षे लोह घेऊनही हिमोग्लोबिन १० च्या पुढे न सरकणारा रुग्ण आढळल्यास हा संशय मनात आणावा.

बीजभागाविषयी

या ठिकाणी चरकाच्या शारीरस्थानातील बीज, बीजभाग व बीजभागावयव या संज्ञांचे स्मरण प्रत्येक वैद्यास होईल. बीजाचा जो भाग दूषित, त्यापासून होणारा अवयव विकृत, हा तो विचार. सुश्रुताने शुक्रशोणितदोषजन्य व्याधींचा आदिबलप्रवृत्त असा स्वतंत्र वर्ग केला, हेही सर्वांस ठाऊक आहे. संपूर्ण बीज दूषित न होता त्याचा अंश दूषित होऊ शकतो आणि त्या अंशाचाच परिणाम शरीरात दिसतो, ही दृष्टी आश्चर्यकारक रीतीने नेमकी आहे. मात्र म्हणून आपल्या आचार्यांस डीएनए ठाऊक होते असे व्यासपीठांवरून सांगण्याची जी प्रथा पडली आहे, ती मला मान्य नाही. त्यांनी निरीक्षणातून तत्त्व सांगितले; अक्षर व प्रथिन यांचा संबंध विसाव्या शतकात प्रयोगाने सिद्ध झाला. दोहोंचा मान स्वतंत्रपणे राखता येतो.

प्रकृती व जनुके यांच्या संबंधावरही संशोधन झाले आहे. पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी प्रकृती आणि एचएलए जनुक यांविषयी २००५ मध्ये व औषधांचे पचन करणाऱ्या यकृतातील एका विकराच्या जनुकाविषयी २०११ मध्ये निबंध प्रसिद्ध केले. दिल्लीच्या सीएसआयआरच्या जिनॉमिक्स संस्थेनेही २००८ मध्ये भिन्न प्रकृतींच्या व्यक्तींत जनुकांच्या वाचनाचे प्रमाण भिन्न असल्याचे निष्कर्ष मांडले. हे अभ्यास मर्यादित संख्येच्या व्यक्तींवरील आहेत व त्यांत संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. एका अक्षरावरून व्याधी ठरतो तसे एका जनुकावरून प्रकृती ठरत नाही. ती असंख्य जनुकांच्या आणि आहार, देश, काळ यांच्या संयोगाची बाब असावी, असे मला वाटते.

चिकित्सेत याचा अर्थ काय

लोह हा हिमोग्लोबिनचा घटक खरा, परंतु सिकलसेलमध्ये उणीव लोहाची नसून क्रमाची आहे. गवंड्याच्या नकाशात भिंत वाकडी असेल तर अधिक विटा दिल्याने ती सरळ होत नाही. पुष्कळ वेळा रक्त दिलेल्या रुग्णाच्या शरीरात तर लोह साठलेले असते आणि ते यकृत व हृदयास बाधक ठरते. अशा रुग्णास लोहभस्म, मंडूर अथवा कोणताही लोहकल्प रक्तातील फेरिटिन पाहिल्यावाचून देऊ नये. सिकलसेल असलेल्या रुग्णात लोहाची कमतरता मुळीच नसते असे नव्हे. विशेषतः स्त्रियांत ती असू शकते. पण ती तपासून ठरवावी. बीट, डाळिंब वा प्रथिनांची भुकटी यांनी रक्त शुद्ध होते ही समजूतही दूर करावी. खाल्लेले प्रत्येक प्रथिन पचनात सुट्या अमिनो आम्लांपर्यंत मोडते आणि पेशी ती पुन्हा स्वतःच्याच लेखाप्रमाणे जोडते.

दुसरा मुद्दा पंचकर्माचा. शरीरातील जलांश घटला की लाल पेशीतील हिमोग्लोबिन दाट होते व सळया बनण्यास अनुकूल स्थिती निर्माण होते. यास्तव सिकलसेल रुग्णात वमन, विरेचन, तीव्र स्वेदन व दीर्घ लंघन टाळणे हेच योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे. आमवात समजून केलेले रूक्ष स्वेद आणि लंघन येथे अपाय करू शकतात. भरपूर पाणी, थंडीपासून रक्षण, अतिश्रम वर्ज्य, ज्वर व संसर्गाची त्वरित चिकित्सा, ही पथ्ये मात्र आपल्या शास्त्राच्या वृत्तीस धरूनच आहेत आणि ती आपल्याइतकी चांगली कोणी समजावून सांगणार नाही.

येथेच आशेची जागा आहे. सारख्याच ‘एसएस’ अहवालाच्या दोन रुग्णांत एकाचा त्रास सौम्य व दुसऱ्याचा तीव्र असतो. त्याचे एक मोठे कारण म्हणजे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन. गर्भात बीटाऐवजी गॅमा नावाची साखळी वापरली जाते. तिचे जनुक स्वतंत्र व निर्दोष असते. जन्मानंतर ते पान हळूहळू मिटते आणि बीटाचे पान उघडते. म्हणून सिकलसेलचे मूल पहिले सहा महिने सहसा ठीक असते व त्यानंतर हातापायांच्या बोटांवर वेदनायुक्त सूज येऊन व्याधी प्रकट होतो. ज्यांच्यात गॅमाचे पान पूर्ण मिटत नाही त्यांचा त्रास तुलनेने कमी राहतो. भारतातील पुष्कळ रुग्णांत हे गर्भीय हिमोग्लोबिन आफ्रिकेतील बहुतेक रुग्णांपेक्षा अधिक असते, परंतु त्यावर विसंबून विदर्भातील व्याधी सौम्यच असतो असे समजू नये. तीव्र स्वरूपाचे रुग्ण येथे पुष्कळ आहेत.

हायड्रॉक्सीयुरिया हे औषध नेमके हेच मिटलेले पान काही अंशी पुन्हा उघडते. सदोष लेख तसाच राहतो, पण पेशीत गॅमा साखळीचे हिमोग्लोबिन वाढते आणि सळया बनण्यात खंड पडतो. त्याचा गुण येण्यास काही महिने लागतात, याचे कारण वर आलेच आहे. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळालेला जनुक-संपादनाचा उपचारही सहाव्या स्थानचे अक्षर दुरुस्त करीत नाही. गॅमाचे पान मिटविणारे एक प्रथिन आहे; त्या प्रथिनाच्या जनुकाचे रक्तपेशींतील वाचन तो रोखतो. त्याचा खर्च कोट्यवधी रुपयांचा असल्याने आपल्या रुग्णांना आज हायड्रॉक्सीयुरियाचाच आधार आहे. ‘हे औषध उष्ण आहे, बंद करा’ असा सल्ला आपल्यापैकी कोणीही देऊ नये.

तपासणीविषयी थोडेसे. विद्राव्यता चाचणी स्वस्त व झटपट आहे, पण ती ‘एस’ आहे एवढेच सांगते. वाहक की रुग्ण हे सांगत नाही. सहा महिन्यांच्या आतील बालकात गर्भीय हिमोग्लोबिनामुळे ती फसवीही ठरते. म्हणून इलेक्ट्रोफोरेसिस अथवा एचपीएलसी आवश्यक. १ जुलै २०२३ रोजी मध्यप्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. त्यात १७ राज्यांतील सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट असून २०४७ पर्यंत निर्मूलनाचा संकल्प आहे. संशयित रुग्णास शासकीय रुग्णालयात पाठविताना चिठ्ठीवर केवळ ‘पांडु’ न लिहिता ‘सिकलसेल व थॅलेसेमियासाठी तपासणी व्हावी’ असे स्पष्ट लिहावे. दोघेही वाहक असलेल्या दांपत्यास गर्भधारणेच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी करता येते, हे त्यांना वेळेवर, म्हणजे लग्नापूर्वी किंवा निदान गर्भधारणेपूर्वी, कळले पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात सिकलसेल व थॅलेसेमिया यांचा अंतर्भाव आहे, याचीही माहिती रुग्णाच्या कुटुंबास द्यावी.

ज्वरासह छातीत वेदना व श्वासकष्ट, एका बाजूचे हातपाय अकस्मात लुळे पडणे, बालकाची प्लीहा एकाएकी वाढून ते पांढरेफटक पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास दवाखान्यात वेळ न दवडता तत्काळ रुग्णालयात रवाना करावे.

औषधी विक्रेत्यांसाठी

हायड्रॉक्सीयुरियाची मात्रा रक्तातील पेशींची गणना नियमितपणे पाहून ठरविली जाते. जुन्या चिठ्ठीवर महिनोन्‌महिने औषध नेणाऱ्या ग्राहकास ‘रक्त केव्हा तपासले?’ एवढे विचारावे. गर्भवती असल्यास किंवा गर्भधारणेचा विचार असल्यास तज्ज्ञांच्या सल्ल्यावाचून ते देऊ नये. रक्तवर्धक म्हणून विकली जाणारी लोहयुक्त सिरपे मागणाऱ्यास घरात कोणाला सिकलसेल आहे काय, हाही प्रश्न करावयास हरकत नाही.

आणखी एक जनुक दुकानदारांच्या कामाचे आहे. लाल पेशीस दाहक द्रव्यांपासून वाचविणाऱ्या जी-६-पीडी या विकराचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते, म्हणून त्याची कमतरता पुरुषांत अधिक दिसते. असा मनुष्य एरवी निरोगी असतो, पण हिवतापावरील प्रायमाक्वीन घेतल्यावर त्याच्या लाल पेशी फुटतात, लघवी काळपट होते व कामला दिसतो. हे कारण १९५६ मध्ये उघड झाले. कपाटात ठेवलेल्या डांबराच्या गोळ्यांनीही अशा व्यक्तीस हाच त्रास होतो. या कमतरतेच्या लहान बालकांत अंगास मेंदी लावल्याने लाल पेशी फुटल्याचेही नोंदले गेले आहे. मेंदी आपल्या दुकानात वनस्पती म्हणून विकली जाते व निरुपद्रवी समजली जाते. तान्ह्या मुलासाठी ती मागितली तर देऊ नये, आणि प्रायमाक्वीन सुरू असताना लघवीचा रंग गडद झाल्याचे ग्राहकाने सांगितले तर पुढील गोळी थांबवून त्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवावे.